टरफलं राहू द्या

१९६४, नोव्हेंबरातला एक सोमवार, मधली सुट्टी. साताऱ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेतली शिक्षकांची खोली. हजर : मी, गणिताच्या बाई, चित्रकलेचे सर. दारात शाळेचे शिपाई अण्णा.

"आवं बाई, मी जेवलो का?"

"आत्ताच की! दोन भाकरी, पिठलं आणि वर शेंगा."

"व्हय? पोटाला ठावं न्हाई."

या अण्णांची घंटा मिनिटभर चुकत नसे. दहा वर्षांपूर्वीच्या मुलींची नावं ते हजेरीच्या क्रमानं सांगत. विसरायचे ते फक्त स्वतःचं जेवण, आणि विसरले की पुन्हा खायचे. आम्ही हसायचो. पण त्या हिवाळ्यात त्यांच्या पायाची जखम भरेना. डॉक्टरांनी साखर तपासून बजावलं, "खाणं आवरा, नाहीतर पाय जाईल."

अण्णांनी दुपारचं जेवणच सोडलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटायची घंटा अर्धा तास आधी झाली आणि निम्मी शाळा रस्त्यावर!

"उपाशी मानसाला घड्याळ बी भाकरीवानी दिसतंय," अण्णा ओशाळून म्हणाले.

जेवण पुन्हा सुरू झालं. मग मी आठवडाभर त्यांचं खाणं कागदावर टिपलं. अण्णा घड्याळाकडे बघत भराभर खायचे, लगेच डबा घासायचे, टरफलं झाडायचे, जागा लख्ख. खाल्ल्याची खूणच उरत नव्हती.

"अण्णा, घड्याळाकडे पाठ करून जेवा. घंटेची वेळ मी सांगते. आणि टरफलं चारपर्यंत समोर राहू द्या."

"पसारा? माज्या शाळेत? लोक थुकतील की!"

"लोक राहू देत, पायाचं बघा."

पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा केरसुणी उचलली. गणिताच्या बाईंनी ती कपाटात कोंडली. पुढं पुढं शेंगांसाठी पुन्हा खिशात गेलेला हात ढिगाकडे बघून थांबू लागला. हातालाच दटावायचे, "बास गड्या, लय झालं!"

होळीपर्यंत जखम भरली. वर्गावर्गात जाऊन त्यांनी पाय दाखवला.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे सांगलीला गेले. तिथून कार्डं येत : "आज भाकरी दीड, दोडका. ध्यानात हाय." एकदा लिहिलं, "रानात शेंगा निगाल्यात. या. समोरासमोर बसून ढीग करू."

मी यादीत लिहिलं, 'सांगली, अण्णांकडे जाणे.' मग सहामाही आली, स्नेहसंमेलन आलं. अण्णा गेल्याचं कार्ड मुलीच्या अक्षरात आलं.

त्या यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर काट आहे.