मोदकांचं ताट आणि आमचं मत

बाळांनो, आज वेलची कुटली आणि आखातातल्या फिंतास गावचं आपलं घर आठवलं. सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता. आमच्या दिवाणखान्यात मराठी मंडळाची बैठक चालली होती. वाफाळत्या मोदकांचं ताट मध्ये ठेवून मी म्हणाले, "यंदा मंडळाच्या निवडणुकीत आम्हा बायकांनाही मत हवं."

अध्यक्ष देवधरसाहेब हसले. "वहिनी, रशियाचं पाहिलंत ना? आधी बाजार मोकळा केला, मग तोंडं. लोक प्रश्न विचारू लागले आणि देश फुटला!"

"सत्तर वर्षं विचारू दिले नाहीत, म्हणून फुटला," मी म्हणाले आणि ताट उचललं. "मत मिळेपर्यंत मोदक नाहीत." तुमचे आजोबा हातातला अर्धा मोदक लपवत होते.

मत मिळालं. आमच्या मतांनी देवधरसाहेब पडले, रुसून त्यांनी वेगळं मंडळ काढलं. प्रश्न विचारले की फूट पडते, हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं, म्हणून तेव्हा मी रडले होते. आता नाही रडत. चार बायकांच्या मतांनी जे मोडलं, ते आतून आधीच पोखरलेलं होतं. आज पुन्हा मला तिथे उभं केलंत, तर ताट खाली ठेवायच्या आधीच विचारीन, "आमचं मत कुठे?"