पत्र्याची देवी

माझी धाकटी जाऊ स्टीलच्या पत्र्याला एका हाताने चिकटून थरथरत होती, आणि आमच्या सासूबाई तिच्यापुढे हात जोडून विचारत होत्या, "आई, काय पायजे तुला? सांग."

भोवती भाजीवाल्या बाया जमल्या. कुणी पदर पसरला, कुणी कुंकवाची पुडी काढली. आषाढातली मंगळवारची सकाळ होती. पाऊस उघडला होता, पण चौकात चिखल होता आणि जाऊ अनवाणी होती.

हा पत्रा म्हणजे मुंबईच्या कुणा कलाकाराने भिवंडीच्या चौकात उभी केलेली वस्तू. दोन माणसांच्या उंचीचा, सपाट, गुळगुळीत. नाक नाही, डोळे नाहीत. सत्तर सालानंतर केव्हातरी बसवला तेव्हा लोक हसले. मग एका अमावास्येला कुणीतरी त्याला शेंदूर फासला आणि हसणं थांबलं. दिघाशीहून भाजी विकायला येणाऱ्या आम्हीही टोपली उतरवली की ओल्या हाताने त्याला हळद लावायचो. मी एकदा कुरकुरले, तर सासूबाई म्हणाल्या, दगडाला तरी कुठे तोंड असतं, मग पत्र्याने काय पाप केलं?

त्या दिवशी जावेने हळद लावली आणि हात निघालाच नाही. सगळ्यांना वाटलं, अंगात आलं.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण अंगात आलेली बाई घुमते. केस सोडते, हुंकारते, काहीतरी मागते. ही घुमत नव्हती. दातखीळ बसलेली, डोळे माझ्याकडे. नवऱ्याचा डबा द्यायला लूमवर, यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले होते तेव्हा एका कामगाराला मशीनला असंच चिकटलेलं मी पाहिलं होतं. वर बघितलं. लूमच्या शेडकडे जाणारी वायर खाली लोंबून पत्र्याच्या टोकाला टेकली होती.

सासूबाई जावेचे पाय धरायला वाकल्या. मी त्यांना ढकललं. त्या चिखलात बसल्या.

"देवी न्हाय, करंट हाय," मी ओरडले.

देवीच्या दारात सासूला मारते, असं एक बाई म्हणाली. ऐकायला वेळ नव्हता. गोधडीसाठी आणलेला लूमचा कोरा कपडा माझ्या पिशवीत होता, कोरडा. तो जावेच्या कमरेभोवती टाकला, दोन्ही टोकं धरली आणि मागे ओढलं. आम्ही दोघी धाडकन पडलो. तोवर शेडमधल्या कुणीतरी मेन स्विच पाडला.

जाऊ उठून बसली. मग म्हणाली, "नारळ तरी फोडू द्यायचा होतास. फुकटची देवी झाले." मला हसू आलं आणि ते थांबेना. तिचा तळहात भाजला होता, बाकी काही नाही. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, तेही चाललं.

जाऊ वाचली. सासूबाई वाचल्या. मीही.