डाव्या कानावरचा चट्टा

मी चौथीत होते तेव्हा डाव्या कानाच्या वर, केसांत, एकाच जागी खाज सुटायला लागली. पुणतांब्याच्या बाहेर, नदीच्या अंगाला आमची वस्ती होती. घरात आई, वडील आणि मी, एवढीच माणसं. आईला वाटलं उवा झाल्या. तिनं मला अंगणात उन्हाला बसवलं आणि फणीनं सगळं डोकं विंचरून काढलं. ऊ एकही निघाली नाही. चार आण्याच्या नाण्याएवढा एक गोल चट्टा मात्र दिसला. तिथले केस मुळाशी तुटलेले, आणि कातडीवर पांढरा भुसा.

"कुठं आपटली हुतीस का?" आईनं विचारलं.

"न्हाई."

पहिले आठ दिवस तिनं कडुलिंबाच्या उकळलेल्या पाण्यानं डोकं धुतलं. मग करंजाचं तेल लावलं. मग खोबरेल तेलात गंधक कालवून लावलं. त्याचा वास इतका उग्र होता की जेवताना मला स्वतःचाच वास यायचा. चट्टा कमी होण्याऐवजी पसरत गेला आणि शेजारी दुसरा उठला. गावातल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं डबीतलं मलम दिलं. ते लावलं की डोळ्यांत पाणी यायचं, पण निदान तेवढा वेळ खाज कळायची नाही. मलम वाळलं की पुन्हा सुरू.

ती खाज कशी होती हे सांगणं अवघड आहे. खाजवलं की क्षणभर इतकं बरं वाटायचं की मला रडू यायचं, आणि हात थांबला की आधीपेक्षा दुप्पट. आई कामाला वाकली की मी भिंतीला डोकं घासायची. आईनं माझी नखं बोटाला लागेपर्यंत कापली. तरी भागेना, तेव्हा तिनं माझ्या दोन्ही हातांना जुन्या धोतराच्या चिंध्या बांधल्या. जेवायच्या वेळी ती सोडायची आणि जेवण झालं की परत बांधायची.

शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईनं रॉकेल लावायला सांगितलं. तिच्या भावाचं त्यानंच बरं झालं होतं म्हणे. आईनं कापसाचा बोळा भिजवून चट्ट्यावर दाबला. मी ओरडत अंगणभर पळाले. दुसऱ्या दिवशी ती जागा सुजली, मऊ पडली आणि त्यातून पू यायला लागला. केस ओढावेही लागत नव्हते. नुसता हात लावला की पुंजका हातात यायचा. आईनं तो पुंजका पाहिला आणि चुलीत टाकला.

शाळेत गुरुजींनी आधी मला दाराजवळ एकटीला बसवलं. मग एका दुपारी त्यांनी मला बाहेर बोलावलं. ते काही रागीट गृहस्थ नव्हते.

"बाळ, बाकीच्या पोरींच्या आया येऊन बोलून जातात मला," ते म्हणाले. "बरं होईपर्यंत तू घरीच राहा. मी तुझं नाव काढत नाही."

मी दप्तर घेऊन घरी आले. त्यानंतर चार महिने मी शाळेचं तोंड पाहिलं नाही.

मग वडील न्हाव्याला घेऊन आले. म्हातारा माणूस होता. मला बघून त्यानं वस्तरा पिशवीतच ठेवला.

"पोरीच्या जातीचं डोकं," तो म्हणाला. "मला नगा सांगू."

"औषध केसांमुळं आत जात न्हाई," वडील म्हणाले. "तुमीच न्हाई केलं तर कोन करनार?"

आईनं माझं डोकं आपल्या मांडीवर घट्ट धरलं. शेवटी त्यानं वस्तरा काढला. फार हलक्या हातानं करत होता, तरी सुजेच्या कडेला रक्त आलंच. संपलं तेव्हा त्यानं पैशाला हात लावला नाही. चहाही घेतला नाही. आईनं वडिलांच्या पटक्याचा एक तुकडा फाडून माझ्या डोक्याला बांधला. बांधावरून जाणाऱ्या बाया विचारायच्या, कसला नवस फेडला गं पोरीचा? आई "व्हय, नवस" एवढंच म्हणायची.

त्या वर्षी विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. दोरावर दोर बांधून घागर भरायला लागायची, आणि त्यातली एक अख्खी घागर रोज माझं डोकं धुण्यात जायची. मला त्याची लाज वाटायची. एकदा मी न राहवून फणीनंच ती जागा ओरबाडली. रक्त कानामागून मानेवर आलं. आईनं मला एक थोबाडीत दिली. मग ती माझ्याकडे पाठ करून बसली. मला तिचे नुसते खांदे दिसत होते.

"आता मी काय करू ते तरी सांग," ती शेवटी म्हणाली. ते मला होतं की आणखी कुणाला, मला कळलं नाही.

त्या आठवड्यात वडिलांनी आम्हा दोघींना पॅसेंजरनं श्रीरामपूरला नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी खिडकीपाशी नेऊन माझं डोकं पाहिलं, मग आईचा हात उलटा केला. मनगटाच्या वर गोल, लालसर चट्टा होता. आईनं तो पदराखाली झाकला होता.

"घरी गुरं आहेत?"

"एक गाय हाय. आन् तिची कालवड."

"कालवडीच्या अंगावर चट्टे आहेत?"

आईनं माझ्याकडे बघितलं, कारण कालवडीला पाणी दाखवणं, चारा टाकणं माझं काम होतं. कालवडीच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर राखाडी खपल्यांची वर्तुळं आली होती. ते मला माहीत होतं. रोज दुपारी मी तिच्या मानेला डोकं टेकून बसायची, पाठांतरसुद्धा तिथंच करायची. तिला विकतील म्हणून मी बोलले नव्हते.

"हायेत," मी म्हणाले.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

हा नायटा, कालवडीवरून आलेला, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. रोज साय खाऊन त्यावर घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, आणि पहिला महिना काही फरक दिसणार नाही. तसंच झालं. गोळ्यांनी माझं पोट ढवळायचं, डोकं दुखायचं, आणि खाज होती तिथंच. कालवडीला वडिलांनी शेताच्या पार टोकाला बांधलं. मला तिकडे जायची बंदी होती. मला दुरून पाहिलं की ती हंबरायची. आईच्या हातावरचा चट्टा मलमानं पंधरा दिवसांत गेला. माझं डोकं अजून तसंच होतं, म्हणून ती कामात असतानाही तो बरा झालेला हात माझ्यासमोर येऊ द्यायची नाही.

खाज नेमकी कोणत्या दिवशी थांबली ते मला सांगता येणार नाही. उन्हाळ्यात कधीतरी लक्षात आलं की हात बांधायचे राहून गेले आहेत. केस आले, पण कानावरची ती जागा तशीच गुळगुळीत राहिली. शेवटच्या खेपेला आईनं डॉक्टरीणबाईंना त्याबद्दल विचारलं.

"तिथली मुळंच गेली," त्या म्हणाल्या. "आता नाही यायचे."

आई उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "बाई, मी रॉकेल लावलं हुतं. त्यानं गेली का?"

"रोगानं गेली. तुमच्यामुळं नाही."

आईनं मान हलवली. तिला ते पटलं नाही, हे मला तेव्हाही दिसलं. पुढं मी मोठी झाल्यावर कितीदा सांगितलं, तरी नाहीच पटलं.

जूनमध्ये ती स्वतः मला शाळेत सोडायला आली. सगळ्या वर्गासमोर तिनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी ती वाचली, मला जागा दाखवली. मी बसले. शेजारच्या मुलीनं आपलं दप्तर उचललं आणि आमच्या दोघींच्या मधे ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते तिथंच होतं.