रेहानाच्या कार्डावरच्या खुणा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. चौथी शिकलेली बाई आहे मी, लिहायला वेळ लागतो — पण आता लिहितेच.

चंद्रपूरच्या एका दवाखान्यात मी आया होते, टीबीच्या वॉर्डात. रेहाना तिथे आली तेव्हा तिशीचीही नव्हती. सिंदेवाहीच्या बाजारात बांगड्या भरायची. नवरा वारलेला. तिला टीबी होता आणि एचआयव्हीही. खाट टोकाची, खिडकीशी.

मला ती आवडायची. का आवडू नये? पहिल्याच दिवशी माझा हात पाहून म्हणाली, "बाई, हा हात हाय का फावडं? तुमच्या मापाची चुडी कारखान्यात बनतच नाई." अख्खा वॉर्ड हसला, खोकत खोकत.

मला वाचता येतं म्हणून सिस्टरने एक काम माझ्याकडे दिलं होतं. रोग्याने माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या, तोंड उघडून दाखवायचं, मग मी कार्डावर खूण करायची. बाकीच्यांजवळ मी उभी राहायची. रेहानाजवळ — नाही. टीबीची मला भीती नव्हती, त्यात वर्षं काढली होती. त्या दुसऱ्या रोगाची होती. शिवल्याने तो होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं, असंही नाही. गोळ्या खिडकीत ठेवायची, खूण करायची, निघायची.

"काऊन वो बाई, मी चावून राह्यली का तुमाले?" ती विचारायची. मी हसून पुढच्या खाटेकडे जायची.

गोळ्यांनी तिला मळमळायचं. निम्म्या ती खिडकीबाहेर टाकत होती. मी समोर उभी असते तर टाकल्या असत्या का?

दोन महिने झाले तरी थुंकीत जंतू तसेच. कार्डावर खुणा मात्र पूर्ण. मग झाडणाऱ्या बाईला खिडकीखाली गोळ्या सापडल्या. डॉक्टर रेहानावर भडकले — आयाबाईंच्या डोळ्यांत धूळ फेकतेस? तिने माझ्याकडे पाहिलं. मी चादरीची घडी घालत राहिले.

"हो साहेब," ती म्हणाली. "गालात लपवत होती मी."

माझी नोकरी राहिली. तिचा इलाज पहिल्यापासून सुरू झाला, या वेळी सुयांसकट. आता मी तिच्या खाटेवर बसायची. गुळाच्या खड्याबरोबर एकेक गोळी द्यायची, केस विंचरायची. टीबी गेला. पण त्या सुयांनी तिच्या डाव्या कानाचं ऐकणं पार नेलं.

घरी गेल्यावरही ती मला भेटायला यायची. ईदनंतर डबा घेऊन. माझ्या हातात बसतील अशा बांगड्या तिने कुठून तरी शोधून आणल्या आणि दोन फोडून चार भरल्या. अशाच एका दुपारी मी तिला सगळं सांगितलं. भीती, खुणा, चादर — काही ठेवलं नाही.

"काई म्हटलं का, बाई?" तिने मान वळवून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चहा टाकते."

ती आता नाही. त्या दुपारी बाजेवर तिच्या उजवीकडे भरपूर जागा होती. मी डावीकडे बसले होते, ठरवून.