उतरायचं नाही, हेही शिकवणारी शाळा

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी हौसेखातर विमान चालवायला शिकायचं ठरवलं, तेव्हा कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत सगळे हसले. बायको तेवढी हसली नाही. ती शाळेत गणित शिकवते. म्हणाली, "शिका की. पण शाळा मी बघणार."

पहिल्या शाळेचं ऑफिस शहरातच होतं. एसी, कॉफी, भिंतभर विमानाचा फोटो. बायकोनं तिथल्या तरुणाला विचारलं, "तुमची विमानं किती? त्यातली आज उडतील अशी किती?"

"मॅडम, ते सगळं होऊन जाईल."

जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "सोफा छान होता."

दुसरी शाळा पुण्यापासून दोनेक तासांवर होती. पत्र्याची शेड, समोर धावपट्टी. आम्ही पोचलो तेव्हा एक विद्यार्थिनी विमान उतरवत होती. चाकं आपटली, विमान उसळलं, पुन्हा आपटलं. आता हिला बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण तिच्याबरोबर उतरलेल्या प्रशिक्षक, साठीच्या, केस पांढरे झालेल्या एक बाई, तिला घेऊन शेडबाहेरच्या बाकावर बसल्या.

"चाकं टेकायच्या आधी कुठं बघत होतीस?"

"समोर... नाही मॅडम, अगदी नाकापुढं."

"मग उद्या लांब बघ. चल, चहा घे."

बायको माझ्याकडं वळली. "अहो, इथंच."

पुढं सुट्टीच्या दिवशी मी पहाटे निघायचो. कितीदा तरी मॅडम आकाशाकडं बघून "आज नाही" म्हणायच्या आणि मी तोंड पाडून घरी यायचो. बायकोला मात्र त्या दिवशी त्या जास्तच आवडायच्या.

मग एका सकाळी त्यांनी धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला लावलं आणि स्वतः खाली उतरल्या. रिकाम्या सीटचा पट्टा बांधता बांधता विचारलं, "भीती वाटतेय?"

"हो."

"बरं आहे. उतरताना काही पटलं नाही तर उतरू नका. वर जा, फेरी मारा, परत या. त्यात कमीपणा नाही."

एकट्यानं उडणं सोपं गेलं. मॅडम नसल्यानं हलकं झालेलं विमान भराभर वर चढलं आणि मी मोठ्यानं हसलो. उतरताना मात्र बाजूनं वाऱ्याचा झोत आला आणि धावपट्टी नाकासमोरून सरकली. क्षणभर वाटलं, जमेल. मग हातानंच जणू ठरवलं. इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि वर गेलो. रेडिओवर त्यांचा आवाज आला, "छान. सावकाश या." दुसऱ्या खेपेला चाकं नीट टेकली.

मॅडम चालत आल्या, हात मिळवला. "दुसरं उतरणं ठीक होतं. पहिलं फार आवडलं. जे तुम्ही केलंच नाहीत ते."

मी मान फिरवली. डोळे भरून आले होते.

परवाना मिळाल्यावर पहिली प्रवासी अर्थातच बायको. वर गेल्यावर विचारलं, "कसं वाटतंय?" ती डोळे मिटूनच म्हणाली, "तुम्ही पुढं बघा." खाली उसाची शेतं आली, धरणाचं पाणी चमकलं, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

खाली आल्यावर तिनं मॅडमसाठी आणलेली थालीपिठं काढली. दोघी बाकावर बसून, अपूर्णांकांना घाबरणाऱ्या मुलांना कसं शिकवावं, यावर बोलू लागल्या. त्यांच्या गप्पा ऐकत मी विमानावर कव्हर घालत राहिलो.