कोऱ्या पंचनाम्यावरची सही

नाल्याचा पूर ओसरला अन् तिसऱ्या दिवशी पंचनाम्याचे साहेब गावात आले. मी गावचा कायमचा पंच. काहून, तं मले झोकात सही येते अन् मी कोनाले नाही म्हनत नाही. मारुतीच्या पारावर चहा झाला. साहेब म्हनले, "भाऊ, कोऱ्या कागदायवर सह्या करून ठेवा, मजकूर मी मागून भरतो. तुमाले परत तकलीफ कायले?" आमच्याकडं हे असंच चालत आलं. मजकूर दाखवा म्हननं म्हंजे साहेबाले तोंडावर चोर म्हनल्यासारखं. ठोकल्या सह्या. अक्कल गहान ठेवली होती, दुसरं काय!

घरी आलो तं शेजारची काकी दारात उभी. एकटी बाई. तिच्या घराची मागची भिंत पडली, वांग्याची वाडी वाहून गेली. "माह्यं नाव घेतलं ना रे बापू?"

मी "हो" म्हनलं. कागद तं वाचलाच नव्हता.

मंग केनवडच्या बाजारात समजलं, यंदा नुकसानभरपाईची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचनार, कोनाची हरकत असन तं तिथंच घेनार. दोन दिवस जेवन गोड लागलं नाही. देवा, काकीचं नाव असू दे, एवढंच घोकून राह्यलो होतो.

सभेत यादी सुरू झाली. टेकडीवरच्या माडीवाल्याचं नाव आलं, तिथं पानी पोचलंबी नव्हतं. अन् मंग माह्यंच नाव! "गोठा, पूर्ण पडलेला." अरे, बैलं त्याच गोठ्यात बांधून आलतो मी! सहीचं इनाम होतं ते. यादी संपली. काकीचं नाव नाही. ती माह्याकडं पाहून राह्यली होती.

"कोनाची हरकत?"

उठलो तं मीच फसतो, खोट्या कागदावर सही माहीच. पन उठलो. "माहा गोठा उभा हाये. सही माही हाये, पन कागद कोरा होता."

पंचनामा नव्यानं करायचं ठरलं. आठ दिवसांनी काकीच्या पडक्या भिंतीपाशी दुसऱ्या साहेबांनी कागद भरला. मी सवयीनं पेन काढला, तं काकीनं माहा हात धरला.

"थांब. आधी वाचून दाखव. तुह्या 'हो'वर आता माहा भरोसा नाही."

मी वाचलं. तिनं दोनदा वाचायले लावलं.