वळसा न घालता कँटरबरीला

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबा नागपूरहून आमच्याकडे लंडनमध्ये एजवेअरला राहायला आले. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. इथे दिवसभर करायला काही नव्हतं, म्हणून ते रोज लायब्ररीत जाऊन नकाशे बघत बसायचे. एकदा जेवता जेवता म्हणाले, "विंचेस्टरपासून कँटरबरीपर्यंत यात्रेकरूंची जुनी वाट आहे. मध्ययुगापासूनची. अजून चालता येते. मी जाणार आहे."

माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अहो बाबा, शंभराहून जास्त मैल आहेत. सत्तरी ओलांडलीत तुम्ही. आणि तुम्ही बौद्ध, तुम्हाला त्यांच्या संताच्या समाधीशी काय करायचंय?"

"समाधीशी काही नाही," बाबा म्हणाले. "मला वाट बघायची आहे."

ते एकटे निघाले असते, याबद्दल मला शंका नव्हती. मी कौन्सिलमधल्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेतल्या, नोकरीतून समरची सगळी रजा एकदम काढली आणि दोघांसाठी वॉकिंग बूट आणले. बाबांनी ते घालून आमच्या गल्लीत फेऱ्या मारल्या. शेजारच्या आजीबाई खिडकीतून हात हलवायच्या.

पहिले काही दिवस माझेच हाल झाले. टाचांना फोड, खांदे भरून आलेले. बाबा सावकाश पण न थांबता चालायचे. रात्री बी अँड बीमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या भाड्याच्या खोलीत, कोमट पाण्यात पाय सोडून बसायचे आणि उद्याच्या नकाशावर बोट फिरवायचे. गिल्डफर्डच्या पुढे पावसाने झोडपलं. मी म्हटलं, "बाबा, इथून ट्रेन मिळते. दोन स्टेशनं पुढे जाऊ."

"तू जा. मी संध्याकाळी पोचतो." अर्थात मीही चालतच गेले.

केंटमध्ये शिरल्यावर एका दुपारी वाट एका शेताच्या फाटकाशी आली. फाटकाला नवीकोरी साखळी आणि कुलूप. वर पाटी, खाजगी जागा, प्रवेश नाही. बाबांनी नकाशा काढला. सार्वजनिक पायवाटेची हिरवी तुटक रेघ त्याच शेतातून जात होती.

"रस्त्याने फिरून जाऊ," मी म्हणाले. "तासाभराचा फरक पडेल."

बाबांनी पाठीवरची सॅक उतरवली आणि फाटकाला टेकून गवतात बसले. "आमच्या वस्तीतून शाळेत जायला सरळ वाट होती," ते म्हणाले, "देवळासमोरून. आम्हाला ती बंद. आम्ही नाल्याच्या कडेने वळसा घालायचो. पावसाळ्यात दप्तर डोक्यावर धरून. तेव्हा वळसा घालण्यावाचून इलाज नव्हता. इथे कायदा माझ्या बाजूने आहे. मी वळसा घालणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ते हे माझ्याशी बोलत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि डबा उघडला.

थोड्या वेळाने ट्रॅक्टरवरून शेतकरी आला. लालबुंद चेहऱ्याचा, माझ्याच वयाचा. "पाटी वाचता येत नाही का?"

बाबा उठून उभे राहिले. त्यांचं इंग्रजी वर्गात धडा शिकवावा तसं, एकेक शब्द सुटा. "वाचता येते. नकाशाही वाचता येतो. ही सार्वजनिक वाट आहे. कृपा करून कुलूप काढा."

"पोलिसांना बोलावतो."

"जरूर बोलवा. आम्ही थांबतो."

लंडनच्या ट्यूबमध्ये, भुयारी रेल्वेत, कोणी काही बोललं तर मी मान खाली घालून डबा बदलणारी. त्या वेळीही मनात आलं, बाबांचा हात धरावा आणि निघावं. पण त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "मी कौन्सिलमध्ये काम करते. वाट अडवली तर तक्रार कुठे करायची, मला माहीत आहे."

शेतकरी निघून गेला. पोलीस आले असते तरी चाललं असतं, पण आले नाहीत. बऱ्याच वेळाने तोच पायी परत आला, कुलूप काढलं आणि फाटक ढकललं. आत वाटेवरच गहू पेरलेला होता. बाबा त्याला "थँक यू" म्हणाले आणि रेघ होती तिथूनच, ओंब्या हातांनी बाजूला करत, पुढे गेले. मी मागोमाग.

कँटरबरीला पोचलो तेव्हा त्यांचे पाय बुटात मावत नव्हते. कॅथीड्रलमधल्या दगडी पायऱ्या शेकडो वर्षांत यात्रेकरूंच्या गुडघ्यांनी झिजून खोलगट झाल्या होत्या. बाबांनी हात जोडले नाहीत. वाकून एका पायरीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग तिथल्या स्वयंसेवक बाईंना विचारलं, "इथून पुढे वाट कुठे जाते?"

"डोव्हर. मग समुद्रापलीकडे फ्रान्स, आल्प्स आणि रोम," त्या हसत म्हणाल्या.

बाबा माझ्याकडे वळले. "तुझी पुढच्या वर्षीची रजा कधी?"

नंतरच्या उन्हाळ्यांत आम्ही फ्रान्स तुकड्यातुकड्यांनी चाललो. आल्प्सच्या पायथ्याशी त्यांच्या गुडघ्याने साथ सोडली. डॉक्टरांनी चढ बंद केला, तेव्हा ते माझ्यावर चिडले, मग डॉक्टरांवर. शेवटी घाट मी एकटीने चढले. बाबा बसने पलीकडच्या इटालियन गावात जाऊन थांबले होते. मी उतरून आले तेव्हा रस्त्याकडेच्या बाकावर बसून त्यांनी पुढचा नकाशा गुडघ्यांवर पसरला होता.

"ये," ते म्हणाले. "इथून सपाट आहे."